वाळ्याचं नळकांडं

मोटारीत गारवा करायचा तर तो कशावर चालवायचा, या एका प्रश्नावर आमच्या घरात सबंध फाल्गुन महिना गेला. बॅटरीवर, इंजिनावर, की नुसत्या वाऱ्यावर? घरात पुरुष माणूस एकच, म्हणजे आमचे हे, त्यामुळे वादही त्यांचा त्यांच्याशीच चालायचा. जेवताना घास हातात धरून थांबायचे आणि म्हणायचे, "नाही, बॅटरी नाही पुरत." मी वाढत असायची. मी म्हणायची, "भाकर पुरते ना? मग खा."

आमचं गाव इंझोरीपासून दोन कोसांवर. शेती बरीच, माणसं थोडी. सासरे मी लग्न होऊन येण्याआधीच गेले होते. घरात सासूबाई, हे आणि मी. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. घराण्यात गोषा होता. स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षं झाली होती, पण आमच्या घरच्या बायकांपर्यंत ते अजून पोचायचं होतं. बाईला बाहेर जायचं असलं की दारापासून दमणीपर्यंत, म्हणजे छपराच्या बैलगाडीपर्यंत, दोन्ही बाजूंनी चादरी धरायच्या, त्यातून तिनं जायचं आणि दमणीचे पडदे सोडायचे. आपल्या गावाचा रस्ता कसा दिसतो हे मला लग्नानंतर चार वर्षं माहीत नव्हतं. घाण कुठं आहे ते मात्र वासावरून कळायचं.

या गारव्याच्या मागे एक कारण होतं, आणि ते घरात कोणी ओठांवर आणत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी, सातव्या महिन्यात, मला माहेरी वाशीमला पोचवायला दमणी निघाली होती. वैशाख होता. पहाटे निघालो तरी बैलांची चाल ती केवढी! भर दुपारी मंगरूळपीरच्या अलीकडेच होतो. मला चक्कर आली, उलट्या झाल्या, अंग तव्यासारखं तापलं. वाशीमला पोचलो ते दुसऱ्या दिवशी. तिसऱ्या दिवशी मूल गेलं. मुलगा होता, असं सुईणीनं सांगितलं. मी पाहिला नाही. "उन्हानं नेलं," असं सगळ्यांनी ठरवून टाकलं आणि तो विषय मिटवला.

आता पुन्हा दिवस गेले होते आणि पुन्हा उन्हाळ्यातच सातवा लागणार होता. पहिलटकरणीनं माहेरीच बाळंत व्हायचं, ही रीत. आणि मूल हातात आलं नव्हतं म्हणून अजून मी पहिलटकरीणच. या खेपेला मूल जिवंत हाती यावं, याशिवाय मला दुसरं काही सुचत नव्हतं. रात्री कुशीवर वळतानाही मी आधी पोटाला विचारून वळायची.

यांनाही दुसरं काही सुचत नव्हतं, पण ते बोलायचे नाहीत. त्यांनी अकोल्याला जाऊन एका निवृत्त अधिकाऱ्याची जुनी काळी मोटार आणली. आमच्या पंचक्रोशीतली ती पहिलीच खाजगी मोटार. गाव पाहायला लोटलं. मी जिन्याच्या जाळीतून पाहिली. मोटार आल्यावर चार दिवसांनी यांच्या लक्षात आलं, की काळा पत्रा उन्हात दमणीच्या तट्ट्यापेक्षा जास्त तापतो. दमणीत भाजायला दिवस लागला होता, मोटारीत तासाभरात भागलं असतं. तिथून ते गारव्याच्या मागे लागले.

पहिला उपाय त्यांनी चुन्याचा केला. घराच्या पत्र्यांना देतात तसा मोटारीच्या टपाला चुना दिला. टप पांढरं झालं, गार पण झालं म्हणे. मग ते इंझोरीपर्यंत जाऊन आले तेव्हा वाऱ्यानं अर्धा चुना उडून मागून येणाऱ्या सायकलवाल्याच्या अंगावर बसला होता. तो घरी येऊन भांडून गेला. त्याचंही बरोबर होतं, मी त्याला दारामागून ताक पाठवलं.

मग कारंज्याहून मिस्त्री आला. हा पिठाच्या गिरण्या आणि विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचा. पन्नाशीचा, दाढीवाला, हाताला कायम ग्रीस. तो ओसरीवर बसायचा आणि मी माजघरातून त्याचं बोलणं ऐकायची, कारण गावात तेवढंच ऐकण्यासारखं होतं. त्याच्याकडे लष्कराच्या भंगारातून आलेला एक लहानसा पंखा होता. तो मोटारीच्या बॅटरीवर चालत होता. पंख्यासमोर ओलं फडकं बांधायचं, की वारा गार. दोघांनी मोटार पिंपळाखाली उभी करून तो लावला आणि आत बसून गप्पा मारल्या. दोन तास. गारवा छान झाला. उठून गाडी सुरू करायला गेले तर ती हुं का चूं करीना. बॅटरी इतकी बसली होती की हँडल मारून मारून दोघांचे खांदे उतरले, तरी ठिणगी पडेना. मग बॅटरी बैलगाडीत घालून कारंज्याला नेली, मिस्त्रीच्या इंजिनावर भरून आणली.

"बॅटरी म्हनजे रांजण हाय, दादा," मिस्त्री म्हणाला. "झरा नाई. काढान तेवढं सरते."

"मग इंजिनावर चालवू," हे म्हणाले.

इंजिनाला तर आधीच एक पट्टा असतो, त्यानं पुढचा पंखा फिरतो. यांनी मिस्त्रीकडून दुसरी पुली बसवून घेतली, गिरणीचा पट्टा कापून त्यावर चढवला आणि आतला पंखा त्यावर जोडला. पंखा असा फिरला की सीटवरची चादर उडून मागे गेली. पण इंजिनाला हे ओझं पेलवेना. गावाबाहेरच्या चढावर पाणी उकळलं, वाफेनं टोपण उडालं आणि हे मनगट भाजून घरी आले. मी हळद-तूप लावलं. लावताना म्हटलं, "गारव्यासाठी एवढं भाजून घेणारा माणूस मी पाहिला नाई."

ते हसले नाहीत. म्हणाले, "हसू नको. मले त्या दिवशी दमणीत तुह्याजवळ बसता आलं नाई. आता काही करता येते तर करू दे."

दमणीत मी आणि आत्याबाई होतो, हे घोड्यावर मागून होते. बायकोजवळ बसायची रीत नव्हती. त्यांच्या मनात ते दोन वर्षं होतं, आणि मला वाटत होतं त्यांच्या डोक्यात पट्टे आणि पुल्याच आहेत.

शेवटी उपाय सापडला तो फुकटचा. अकोल्यात यांनी एका कापूसवाल्याच्या मोटारीच्या खिडकीला पत्र्याचं एक जाडजूड नळकांडं लावलेलं पाहिलं होतं. त्याला ना बॅटरी लागत होती ना पट्टा. नळकांड्याचं तोंड पुढे, रस्त्याकडे. आत ओला वाळा भरलेला. मोटार पळाली की वारा तोंडातून आत घुसतो, ओल्या वाळ्यातून जातो आणि गार होऊन खिडकीतून आत येतो. उन्हाळ्यात आम्ही घराच्या दारांना वाळ्याच्या ताट्या लावून पाणी मारायचोच. ही तीच ताटी, फक्त पळणारी. मोटार स्वतःच पळते, म्हणजे वारा तीच आणते. यांना इतका आनंद झाला की त्या रात्री त्यांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मिस्त्रीनं घासलेटचे दोन डबे कापून नळकांडं केलं. आत तारेची जाळी, जाळीत वाळा, वर एक लहान डबा, त्यातून थेंब थेंब पाणी. पहिल्या दिवशी सगळ्या मोटारीत घासलेटचा वास. मग नळकांडं माझ्याकडे आलं. मी राख आणि चिंच लावून तीन वेळा घासलं. मागच्या डाव्या खिडकीला ते बसवलं, कारण मी तिथं बसणार होते. हे आणि मिस्त्री मानोऱ्यापर्यंत जाऊन आले. आळीपाळीनं मागे बसून पाहिलं. परत आले तेव्हा दोघांचे चेहरे लग्नाहून आल्यासारखे. "सर्दी होईन अशी हवा येते," हे म्हणाले. मिस्त्री म्हणाला, "दादा, पेटंट घेऊन टाका."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना मला अजूनही राग येतो. मोटारीची परीक्षा घ्यायला बसले दोन पुरुष, आणि प्रवास करायचा होता दोन बायकांना. पुरुष बसले तेव्हा उजवीकडची काच खाली होती, मधे काही आडवं नव्हतं. बायका बसणार तेव्हा काय काय बंद होणार, हे त्या दोन हुशार माणसांच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही, हे कबूल करते. आमच्याकडे पडदा हा भिंतीसारखा होता. भिंत आहे हे कोण मोजतं?

जोशीबुवांनी जाण्याचा दिवस काढून दिला तो रामनवमीच्या दुसऱ्या दिवशीचा, आणि वेळ साडेदहाच्या पुढची. हे म्हणाले, "आत्ता पोहरादेवीची जत्रा उलगडते. रस्त्यानं गाड्याच गाड्या राहीन." आत्याबाई म्हणाल्या, "मुहूर्त हाय. त्या खेपेले मुहूर्त पाह्यला नव्हता." आणि यांना नळकांड्याचा भरवसा होता. दमणी असती तर आम्ही पहाटे चारला निघालो असतो. गारव्याचं यंत्र होतं म्हणून अकराला निघालो.

गाडी हे चालवत होते. त्यांच्या शेजारी मिस्त्री, नळकांड्यात पाणी घालायला. मागे आत्याबाई आणि मी. परका पुरुष पुढे बसलेला, म्हणून पुढच्या आणि मागच्या सीटच्या मधे आत्याबाईंनी जाड सतरंजीचा पडदा लावून घेतला होता, टपापासून खालपर्यंत. मागच्या काचेला पडदा. डाव्या खिडकीत नळकांड्याभोवती उरलेल्या जागेला पडदा. उजव्या खिडकीला काच वर, तिच्यावर पडदा. हे निघताना म्हणालेही, "काच चढवूनच ठेव माय, आतला गारवा बाहेर जाऊ देऊ नोको."

निघाल्यावर पहिली दहा मिनिटं मला गार वाटलं. वाळ्याचा वास येत होता, पावसाळी मातीसारखा. पोटातलं बाळ स्वस्थ होतं. मी मनातल्या मनात यांना शाबासकी दिली. मग हळूहळू हवा जड झाली. नळकांड्यातून वारा यायचा कमी झाला. मला वाटलं गाडी हळू चालली आहे, पण गाडी तर धडधडत पळत होती. आज कोणीही सांगेल: डबीला एकच भोक असलं तर तिच्यात फुंकर जात नाही. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट हवी. आम्ही ती सगळीकडून शिवून टाकली होती. आत आली होती ती ओल तेवढी तिथंच बसून राहिली, आणि काळ्या पत्र्यानं ती तापवायला घेतली.

"आत्याबाई, काच थोडी खाली करू?" मी म्हटलं.

"मोहरं वस्ती हाय," त्या म्हणाल्या. "थोडं थांब."

मंगरूळपीर तीन-चार कोसांवर असेल, तिथं गाडी थांबली. मी विचारलं, "काय झालं?" पडद्यापलीकडून यांचा आवाज आला, "नाल्यात एका गाडीचा आस मोडला. मांगं पन्नासेक गाड्या उभ्या हायेत. जत्रेच्या."

मोटार थांबली तसा वाराही थांबला. ज्यावर गारवा चालायचा तेच गेलं. दुपारचा एक वाजला असावा. मला आता घाम येईना, हे मला आठवतं, कारण त्या खेपेलाही असंच झालं होतं. आधी घाम, मग घाम बंद. जीभ टाळूला चिकटली. डोळ्यांपुढे पिवळं आलं. मी पोटावर हात ठेवून बाळाच्या हलण्याची वाट पाहत राहिले. ते हलेना. मी ओरडले नाही. ओरडायला लागतो तेवढा श्वास नव्हता. मी नुसतं "आत्याबाई" म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. अंधारात त्यांना किती दिसलं असेल देव जाणे. त्यांनी पदरानं मला वारा घालायला सुरुवात केली. तोच गरम, ओला वारा इकडून तिकडे.

एवढ्यात उजव्या बाजूची काच कोणीतरी बाहेरून वाजवली. "अवो, कोन हाय व आत?" बाईचा आवाज. बंजाऱ्यांच्या तांड्यावरची बाई होती, जत्रेहून परतणारी. गाड्या खोळंबल्या तेव्हा मोटार पाहायला आली असावी. आत्याबाईंनी बोलू नको म्हणून मला खूण केली. पण पडद्याला एक फट होती आणि त्या बाईनं काचेला कपाळ टेकवून आत पाहिलं.

"अवो माय!" ती म्हणाली. "पोटुशी बाई हाय ना ते? काहून कोंडली तिले? उबून राह्यली ना ते आत! उघडा ना व!"

त्या वेळी आत्याबाईंनी काय केलं ते मी अर्धवट शुद्धीत पाहिलं, पण नीट पाहिलं. त्यांनी उजवा पडदा ओढला तो तारेसकट निघाला. काचेचं हँडल फिरवायचं कसं त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी ते उलटं फिरवलं, मग सुलटं, मग काच खाली गेली. मग वळल्या आणि मधली सतरंजी दोन्ही हातांनी खेचली. एका बाजूचा खिळा राहिला, तर तो दातांनी काढला. पुढे हे आणि मिस्त्री, तोंडं वासून मागे पाहत होते. चाळीस वर्षं परक्या पुरुषानं ज्यांचा अंगठाही पाहिला नव्हता, त्या आत्याबाई डोक्यावरचा पदर खांद्यावर, तोंडात खिळा धरून त्या मिस्त्रीला म्हणाल्या, "पाहून काय राह्यला बाप्पा? वारा आन!"

मिस्त्री उतरला आणि नळकांड्यापाशी गेला. म्हणाला, "दादा, चूक झाली आपली. वाऱ्याले जायले वाटच नव्हती." मग तो त्या बाईला म्हणाला, "माय, तुमच्या गाडीत सूप हाय का?"

सुपं होती. जत्रेतून नवीच घेतली होती. एक सूप मिस्त्रीनं घेतलं, एक यांनी. वर्षानुवर्षं खळ्यावर धान उपणताना पाहिलेलं. वारा पडला की सुपानं वारा घालतात, तसा दोघं नळकांड्याच्या तोंडावर वारा घालू लागले. त्या बाईनं आपल्या घागरीतलं पाणी वाळ्यावर ओतलं. डावीकडून ओल्या वाळ्यातून वारा आत आला, माझ्या अंगावरून गेला आणि उजव्या उघड्या खिडकीतून बाहेर पडला. गेला, हे महत्त्वाचं. मागून दुसरा आला. तो गार होता. मी तोंड उघडून तो गिळला.

त्या बाईनं माझ्या तोंडाला पाण्याचा गडू लावला. कोणाचं पाणी, कोणाचा गडू, हे आत्याबाईंनी विचारलं नाही. बाईनं हाताभर बांगड्यांचा हात सरळ माझ्या पोटावर ठेवला आणि थांबली. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. माझा सगळा जीव त्या बाईच्या तोंडाकडे लागला होता. सूप आपटल्याचा आवाज, बैलांच्या घंटा.

मग ती म्हणाली, "हालते व. लाथा मारून राह्यलं."

मला रडू फुटलं. यांना बाहेर ऐकू गेलं असावं, कारण सूप थांबलं. "थांबू नोको!" आत्याबाई ओरडल्या, आणि सूप पुन्हा सुरू झालं.

नाला मोकळा व्हायला तासभर लागला. तासभर त्या दोघांनी वारा घातला. बॅटरी झाली, इंजिन झालं, पळणारी मोटार झाली, आणि शेवटी गारवा चालला तो दोन माणसांच्या दंडांवर. यांचे हात दुसऱ्या दिवशी वर होत नव्हते. जेवताना घास तोंडाशी न्यायला त्यांना तोंड खाली आणावं लागत होतं, हे माझ्या आईनं मला हसत हसत सांगितलं. मी हसले नाही. मला तेव्हा त्या माणसाचा इतका लोभ वाटला की तो कुठं ठेवावा कळेना.

तिथून पुढे आम्ही सगळे पडदे काढून, सगळ्या काचा खाली करून गेलो. आता मोटार पळाली की नळकांडं असं चाललं की मला खरंच शहारे आले. मंगरूळपीरच्या बाजारातून गेलो तेव्हा लोक वळून पाहत होते. इंझोरीकडची मोटार, आत दोन बायका, तोंडं उघडी. मी आयुष्यात पहिल्यांदा मंगरूळपीर पाहिलं. दर्ग्याचा रस्ता, कचेरीपुढची झाडं, एस.टी.ची वाट पाहणारी माणसं. आत्याबाईंनी पदर डोक्यावर घेतला होता, पण तोंडावर ओढला नाही. त्या समोर पाहत होत्या.

गाव मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, "त्या खेपेले तू म्हटलं होतं. दमणीचा पडदा वर करा म्हनून."

"हो," मी म्हटलं.

"दोनदा म्हटलं होतं."

"तीनदा," मी म्हटलं.

"मी म्हटलं, वस्ती हाय, थांब."

"हो."

तुमची चूक नव्हती, उन्हानंच नेलं, असं मी म्हणावं म्हणून त्या थांबल्या होत्या का, मला माहीत नाही. मला ते म्हणता आलं नाही. आदल्या दोन वर्षांत ते तीनदा म्हणणं मी कोणालाच सांगितलं नव्हतं, यांनाही नाही. पण मी विसरले नव्हते, आणि त्याही विसरल्या नव्हत्या, हे मला त्या दिवशी कळलं. वाशीम येईपर्यंत आम्ही दोघी दोन खिडक्यांतून बाहेर पाहत राहिलो. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. दोन्ही एकाच वेळी येतं, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

जेठ महिन्यात मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, काळीसावळी, आवाज एवढा की शेजारच्या आळीत ऐकू जावा. सुईण म्हणाली, "मुलगी हाय," आणि जरा थांबली, मी नाराज होते की काय पाहायला. मी म्हटलं, "जिवंत हाय ना? आन इकडं."

बाराव्या दिवशी आमच्या घरची मंडळी आली. मंडळी म्हणजे हे आणि आत्याबाई. यांनी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर जाऊन मोटारीचं बॉनेट उघडून उगाच आत डोकं घालून उभे राहिले. बॉनेटआड खूप वेळ होते.

आत्याबाई खोलीत आल्या. आमच्याकडे सासू नातवंडाला उचलते ती कोणाला विचारून नाही. मूल तिच्या घराण्याचंच असतं, आई नुसती पाजायला. पण त्या माझ्या बाजेपाशी येऊन थांबल्या. दोन्ही हात पुढे केले, आणि मुलीला हात लावला नाही.

"घेऊ का व?" त्यांनी मला विचारलं.

माझी आई दारात उभी होती. ती पुढे येऊन म्हणायला लागली, "अवो, विचारायचं काय त्यात?" मी तिच्याकडे पाहिलं तशी ती थांबली.

मी लगेच हो म्हटलं नाही. किती वेळ लावला सांगता येणार नाही. मुलीनं दोन जांभया दिल्या एवढा. तेवढा वेळ त्या हात पुढे करून उभ्या होत्या. हात मागे घेतले नाहीत.

मग मी मुलगी उचलून त्यांच्या हातात दिली. "मान धरा नीट," मी म्हटलं. सहा बाळंतपणं झालेल्या बाईला.

"धरली," त्या म्हणाल्या. "धरली व, माय."